दान्ते : नरक, शुद्धिस्थान आणि स्वर्ग यांचा कवी



थोर व्यक्तींच्या परिचयात आज आपण इटलीचा महाकवी दान्ते अलिगिएरी याचं चरित्र पाहणार आहोत. हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो.

सातवीच्या वर्गावर मूल्यशिक्षणाचा तास चालू होता. एका मुलाचे आजोबा महिन्याभरापूर्वी वारले होते. आजोबांना दारूची सवय होती, आणि शेजारच्या कुणीतरी त्या पोराला सांगून ठेवलं होतं की असा माणूस सरळ नरकात जातो. तास संपता संपता त्याने उभं राहून विचारलं, की सर, नरक खरंच असतो का आणि तिथून परत येता येतं का. वर्ग एकदम गप्प झाला. मग एक ख्रिस्ती मुलगी म्हणाली की आम्ही 2 नोव्हेंबरला कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो आणि गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतो, त्याने त्यांची सुटका लवकर होते. तिच्याच बाकावरची दुसरी मुलगी, तीही ख्रिस्तीच, म्हणाली की आमच्या चर्चमध्ये मेलेल्यांसाठी अशी प्रार्थना करत नाहीत, माणूस गेला की त्याचा निर्णय झाला. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला काही सांगता आलं नाही, खरं सांगतो. घंटा झाली म्हणून सुटलो.

घरी आल्यावर वाचायला बसलो. ख्रिस्ती परंपरेत मरणानंतर काय होतं याबद्दल वाचायला घेतलं की थोड्याच पानांत दान्ते समोर येतो. आपल्या डोक्यात ख्रिस्ती नरकाचं जे चित्र असतं, खाली खाली जाणारे फेरे आणि पापाप्रमाणे शिक्षा, ते बरंचसं याच माणसाने पक्कं केलेलं आहे. बायबलमध्ये नरकाचा असा नकाशा नाही. तिथे जेरुसलेमजवळच्या हिन्नोमच्या दरीवरून आलेला गेहेन्ना हा शब्द आहे, श्रीमंत माणूस आणि दरिद्री लाजरस यांचा दृष्टांत आहे, शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरं आणि शेरडं वेगळी करण्याचं वर्णन आहे. बाकीचं बांधकाम पुढच्या शतकांतल्या धर्मपंडितांचं, चित्रकारांचं आणि या कवीचं.

फ्लॉरेन्सचा मुलगा

दान्तेचा जन्म 1265 साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आपल्या ज्ञानेश्वर माउलींपेक्षा तो दहा वर्षांनी मोठा. म्हणजे इकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा तिकडे हा पंचवीस वर्षांचा तरुण होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या भाषेत सगळ्यात मोठा विषय मांडायचा, हे धाडस दोघांनी एकाच काळात केलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

घराणं फार श्रीमंत नव्हतं पण नावाजलेलं होतं. आई लहानपणीच गेली. वडीलही तो विशीत पोचायच्या आत गेले. सॅन जिओव्हानीच्या ज्या बाप्तिस्मागृहात त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या घुमटावर त्याच काळात अंतिम न्यायाचं मोझेक चित्र तयार होत होतं. ते आजही आहे. मध्ये भलामोठा ख्रिस्त, आणि खाली एका बाजूला शिंगं असलेला सैतान माणसं चावून खातोय. शहरातलं प्रत्येक लेकरू मान वर करून ते बघत मोठं झालं. नरकाच्या तळाशी असलेला दान्तेचा सैतानही तोंडात माणसं धरून चावतो. लहानपणी पाहिलेलं चित्र कुठे जात नाही.

नवव्या वर्षी त्याने बिआट्रिस नावाच्या जवळपास त्याच वयाच्या मुलीला पाहिलं. पुढे नऊ वर्षांनी तिने रस्त्यात त्याला नमस्कार केला. दोघांचं नातं म्हणाल तर एवढंच. तिचं लग्न एका सावकार घराण्यात झालं आणि 1290 मध्ये चोविशीतच ती वारली. दान्तेने तिच्यावर एक लहान पुस्तक लिहिलं, गद्य आणि कविता मिसळून, आणि शेवटी ठरवलं की हिच्याविषयी आजवर कुठल्या स्त्रीविषयी लिहिलं गेलं नसेल असं काही लिहायला जमेपर्यंत आता गप्प बसायचं.

त्याचं स्वतःचं लग्न लहानपणीच ठरलेलं होतं, दोनाती घराण्यातल्या जेम्माशी. मुलं झाली, संसार झाला. पण शंभर सर्गांच्या काव्यात या बायकोचा एका शब्दाने उल्लेख नाही. हे मला खटकतं, आणि ते इथे लिहून ठेवतो.

1289 मध्ये काम्पाल्दिनोच्या लढाईत तो फ्लॉरेन्सच्या घोडदळात होता. समोर आरेत्सो शहराचं सैन्य होतं आणि त्यांच्या सेनानींपैकी एक बुओनकोन्ते दा मोन्तेफेल्त्रो. तो त्या दिवशी मेला, पण त्याचं प्रेत कुणालाही सापडलं नाही. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका मित्राला हद्दपार केलं

फ्लॉरेन्सचं राजकारण म्हणजे भाऊबंदकी होती. शहर आधी एका गटाने जिंकलं, मग त्या गटाचेच दोन तुकडे झाले, काळे आणि पांढरे. काळे पोपच्या बाजूचे, पांढऱ्यांना पोपची ढवळाढवळ नको होती. दान्ते पांढऱ्यांत होता. सरकारी पद मिळवायचं तर एखाद्या व्यावसायिक संघाचं सभासद असावं लागे, म्हणून त्याने वैद्य आणि औषध विकणारे यांच्या संघात नाव घातलं. 1300 सालच्या 15 जूनपासून दोन महिने तो शहराच्या सर्वोच्च मंडळावर निवडला गेला.

त्या दोन महिन्यांत रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या आणि मंडळाने दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना शहराबाहेर काढायचा निर्णय घेतला. बाहेर काढलेल्यांत ग्विदो कावालकान्ती होता, म्हणजे दान्तेचा सगळ्यात जवळचा मित्र आणि स्वतः मोठा कवी. तिकडे तो आजारी पडला. त्याला परत बोलावलं, पण ऑगस्टच्या अखेरीस तो वारला.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे दुःखाचीच. दान्तेने नंतर आपल्या काव्यातला प्रवास 1300 च्या ईस्टरच्या आठवड्यात ठेवला. म्हणजे मित्र अजून जिवंत होता तेव्हाचा. नरकाच्या सहाव्या फेऱ्यात उघड्या जळत्या थडग्यांचं मैदान आहे. आत्मा शरीराबरोबर मरतो असं मानणारे लोक त्यात आहेत. एका थडग्यातून ग्विदोचा बाप डोकं वर काढतो आणि विचारतो, माझा मुलगा तुझ्याबरोबर का नाही आला. दान्ते उत्तर देताना ग्विदोबद्दल भूतकाळ वापरतो. बापाला वाटतं मुलगा मेला. दान्ते एक क्षण अडखळतो, आणि तेवढ्यात म्हातारा पाठीवर कोसळून दिसेनासा होतो. नंतर दान्ते शेजाऱ्याला निरोप सांगतो, की त्यांना सांगा, मुलगा जिवंत आहे. लिहिताना त्याला पक्कं माहीत होतं की हा निरोप फार दिवस खरा राहणार नाही, आणि हद्दपारीच्या निर्णयात आपलाही हात होता. मला सगळ्या नरकात ही जागा सर्वांत अवघड वाटते.

पुढच्याच वर्षी त्याच्यावर पाळी आली. 1301 च्या शरद ऋतूत शहराने त्याला पोप बोनिफेस आठवा याच्याकडे रोमला वकील म्हणून पाठवलं. तो तिकडे असताना पोपच्या पाठिंब्याने फ्रेंच राजपुत्र शार्ल सैन्य घेऊन फ्लॉरेन्समध्ये शिरला आणि काळ्यांनी सत्ता घेतली. 27 जानेवारी 1302 रोजी दान्तेवर सरकारी पैशांत लाचखोरी केल्याचा ठपका ठेवून 5000 फ्लोरिन दंड आणि दोन वर्षांची हद्दपारी झाली. दंड भरायला तो आला नाही. 10 मार्चला दुसरा निकाल लागला, सापडला तर जिवंत जाळा. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याने आपलं शहर पाहिलं नाही.

पुढची एकोणीस वर्षं वेरोना, लुनिजियाना, परत वेरोना, मग रावेन्ना. परक्याच्या घरच्या भाकरीची चव आणि परक्याचे जिने चढण्याचे कष्ट काय असतात याबद्दल त्याने स्वर्गातल्या एका पूर्वजाच्या तोंडून जे म्हटलंय ते इटलीतल्या लोकांना तोंडपाठ असतं. 1310 मध्ये सम्राट हेन्री सातवा इटलीत आला तेव्हा त्याला आशा वाटली, पण 1313 मध्ये सम्राट वारला. 1315 मध्ये शहराने माफी देऊ केली, अट अशी की अपराध कबूल करून जाहीर प्रायश्चित्त घ्यायचं. त्याने नकार दिला. मग शिक्षा पुन्हा जाहीर झाली, आणि या वेळी मुलांसकट.

काव्यातला परलोक

या भटकंतीत त्याने आपलं काव्य लिहिलं. त्याने नाव ठेवलं नुसतं कॉमेडी, कारण सुरुवात दुःखात आणि शेवट सुखात. दिव्य हे विशेषण नंतर बोकाचोने जोडलं. शंभर सर्ग, 14,233 ओळी, तीन भाग : नरक, शुद्धिस्थान, स्वर्ग. भाषा लॅटिन नाही, तस्कनीची बोली.

पालकांसाठी इथे जरा थांबून समजावतो, कारण मुलं नेमकं हेच विचारतात. ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्म नाही. जन्म एकच, मरण एकच. कॅथलिक शिकवणीप्रमाणे माणूस मेला की लगेच त्याचा स्वतःपुरता न्याय होतो, आणि जगाच्या शेवटी सगळ्यांचा मिळून अंतिम न्याय होईल, तेव्हा मेलेल्यांची शरीरं उठतील आणि आत्म्याला आपलं शरीर परत मिळेल. त्यामुळे दान्तेच्या नरकातली माणसं अर्धवट आहेत, शरीराची वाट बघणारी. वर सांगितलेली ती थडगी अजून उघडी आहेत ती त्यामुळेच. त्या दिवशी त्यांची झाकणं बंद होणार.

नरकातून सुटका नाही. दारावरच आशा सोडून यायची सूचना कोरलेली आहे. नऊ फेरे आहेत आणि जितकं खाली जावं तितकं पाप वाईट. पण क्रम बघण्यासारखा आहे. वासना, खादाडपणा, कंजूषी, राग ही वरची, म्हणजे त्यातल्या त्यात हलकी पापं. दारू पिणारा माणूस याच पट्ट्यात, खादाडांच्या जवळ कुठेतरी येईल. त्याखाली हिंसा, त्याखाली फसवणूक, आणि तळाशी विश्वासघात. तळाला आग नाही. तिथे गोठलेलं सरोवर आहे, सैतानाच्या पंखांच्या वाऱ्याने थिजलेलं, आणि ज्यांनी आपल्यावर विसंबलेल्याला दगा दिला ते बर्फात गाडलेले आहेत. प्रेमाची ऊब नावालाही उरली नाही अशी जागा म्हणजे नरकाचा तळ, हे चित्र मला आगीच्या कढईपेक्षा जास्त खरं वाटतं.

शिक्षाही बाहेरून लादलेली नसते. वादळासारख्या वासनेत वाहत गेले ते वादळातच गरगरतात. ज्यांनी भविष्य सांगायचं ढोंग केलं त्यांची मान मागे फिरलेली आहे. जे पाप केलं तेच जणू कायमचं राहण्याचं घर होऊन बसलंय.

लाचखोरांना उकळत्या डांबरात टाकलंय, आणि त्यांच्यावर पहारा करणारी भुतं चक्क विनोदी आहेत. आपल्यावर खोटा आळ आला त्या गुन्ह्याचा फेरा त्याने असा खिदळत लिहिलाय.

पोपही नरकात आहेत. निकोलस तिसरा खडकाच्या भोकात डोकं खाली, पाय वर, तळव्यांना आग, कारण त्याने धर्मातली पदं विकली. त्याच भोकात बोनिफेसची जागा राखून ठेवलेली आहे. बोनिफेस 1300 मध्ये जिवंत होता, म्हणून ही युक्ती. दान्ते स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता हे विसरू नका. पोपपदाचा त्याला आदर होता, त्या पदावर बसलेल्या माणसाचा नव्हता.

शिक्षक म्हणून मला चटका लावून गेलेली भेट म्हणजे ब्रुनेत्तो लातिनीची. तो दान्तेचा गुरू. त्या काळी निसर्गाविरुद्ध मानलेल्या पापासाठी तो तापलेल्या वाळूवर, आगीच्या पावसाखाली चालतोय. दान्ते उंच कडेवरून मान खाली घालून त्याच्याबरोबर चालतो आणि त्याला आदरार्थी बोलतो, आपल्या अहो-जाहोसारखं. नरकात ज्यांना तो असं बोलतो ती माणसं बोटांवर मोजता येतील. माणूस आपली अमरता कशी कमावतो ते तुम्ही मला शिकवलंत, असं तो त्याला सांगतो. आणि गुरूला तिथेच सोडून पुढे जातो. न्याय मान्य आहे, आदरही कमी झालेला नाही. हे दोन्ही एकाच माणसाच्या मनात राहू शकतं, हे त्याने कुठेही समजावून सांगितलेलं नाही, नुसतं दाखवलंय.

बाप आणि मुलगा

आता काम्पाल्दिनोचा तो बुओनकोन्ते. त्याचा बाप ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो नामांकित सेनापती होता. म्हातारपणी तो फ्रान्सिस्कन साधू झाला, दोरी कमरेला बांधली. दान्तेच्या सांगण्याप्रमाणे बोनिफेसने त्याला शत्रूचा किल्ला कपटाने कसा घ्यायचा याचा सल्ला विचारला आणि पापाची क्षमा आगाऊच देऊन टाकली. त्याने सल्ला दिला. मेल्यावर संत फ्रान्सिस त्याला न्यायला आले, पण सैतानाच्या दूताने अडवलं. त्याचा मुद्दा साधा होता, जे पाप करायची इच्छा अजून आहे त्याचा पश्चात्ताप त्याच क्षणी होऊ शकत नाही. पोपचा शिक्का असला तरी नाही. बाप नरकात गेला.

मुलगा साधू वगैरे काही नव्हता. आयुष्यभर लढत राहिला. काम्पाल्दिनोला गळ्यावर घाव लागला, रक्त सांडत तो आर्किआनो ओढ्यापाशी पोचला, डोळ्यांपुढे अंधार आला, मारियेचं नाव तोंडात आलं आणि छातीवर हातांचा क्रूस करून तो पडला. देवदूताने आत्मा घेतला. सैतान चिडला, एका थेंबभर अश्रूसाठी हा माझ्या हातून गेला. त्याने रागाने पाऊस पाडला, ओढा फुगला, प्रेत आर्नो नदीत वाहून गेलं. म्हणून ते सापडलं नाही. दान्ते त्या लढाईत विरुद्ध बाजूला होता. आपण ज्याच्याशी लढलो त्या शत्रूला त्याने शुद्धिस्थानात जागा दिली.

हे शुद्धिस्थान म्हणजे काय ? कॅथलिक शिकवणीप्रमाणे जे देवाशी समेट करून मेले पण पूर्ण शुद्ध झालेले नाहीत, त्यांची स्वर्गाआधी जिथे शुद्धी होते ती अवस्था. 1274 मध्ये लियोंच्या धर्मसभेने ही शिकवण अधिकृतपणे मांडली, तेव्हा दान्ते नऊ वर्षांचा होता. त्यापूर्वीच्या वर्णनांत हे ठिकाण बहुतेक नरकासारखंच जमिनीखाली आणि भयाण असायचं. दान्तेने ते समुद्रातला एक डोंगर केलं, उघड्या आकाशाखाली. सात पायऱ्या, सात पापं. गर्विष्ठ माणसं पाठीवर धोंडे घेऊन वाकून चालतात, मत्सरी माणसांच्या पापण्या तारेने शिवल्या आहेत, आळशी धावतायत. त्रास आहे, पण सगळे वर निघालेत. तिथे पहाट होते, लोक गातात.

आणि इथे आपल्या वर्गातली पहिली मुलगी येते. जिवंत माणसांच्या प्रार्थनेने वरची चढण लवकर संपते असं तिथले आत्मे पुन्हा पुन्हा सांगतात. दान्तेचा मित्र फोरेसे मरून पाच वर्षंही झाली नाहीत, तरी इतका वर कसा, तर त्याची बायको नेल्ला रडून रडून प्रार्थना करते म्हणून. डोंगरावरचा जवळजवळ प्रत्येकजण विनवतो, परत गेलास की माझ्या लेकीला सांग, माझ्या घरच्यांना सांग, मला विसरू नका म्हणावं. वसईत, मुंबईत, गोव्यात 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात त्यामागे हीच श्रद्धा आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि पुढचे सुधारक यांच्या मार्गाने गेलेल्या प्रोटेस्टंट चर्चनी शुद्धिस्थान मानलं नाही. बायबलात त्याला आधार नाही आणि तारण केवळ देवाच्या कृपेने विश्वासाद्वारे मिळतं, माणसाने त्यात भर घालायची नसते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दुसरी मुलगीही आपल्या घरचं बरोबरच सांगत होती.

सिंधूकाठचा माणूस

दान्तेला नरकातून आणि डोंगरावरून नेणारा वाटाड्या म्हणजे रोमन कवी व्हर्जिल. तो ख्रिस्ताच्या आधी मेला. बाप्तिस्मा नाही, म्हणून स्वर्ग नाही. होमर, सॉक्रेटिस, अ‍ॅरिस्टॉटल, शिवाय मुसलमानांपैकी सलादिन, इब्न सिना, इब्न रुश्द यांच्याबरोबर तो नरकाच्या पहिल्याच फेऱ्यात, लिम्बोत राहतो. तिथे यातना नाहीत, हिरवळ आहे, सात तटांचा वाडा आहे. फक्त आशा नाही. डोंगराच्या माथ्यावर बिआट्रिस येते तेव्हा दान्ते घाबरलेल्या मुलासारखा व्हर्जिलकडे वळतो, आणि तो केव्हाच निघून गेलेला असतो. न सांगता. दान्ते रडतो. ज्याने आपल्याला दारापर्यंत आणलं तोच आत येऊ शकत नाही, हे शल्य पुढे स्वर्गातही त्याला सोडत नाही.

गुरूच्या ग्रहगोलावर न्यायी राजांच्या आत्म्यांचा मिळून एक मोठा गरुड बनलेला आहे. त्याच्यापुढे दान्तेच्या मनातला जुना प्रश्न बाहेर येतो. एक माणूस सिंधू नदीच्या काठी जन्मला. तिथे ख्रिस्ताचं नाव सांगणारं, वाचणारं, लिहिणारं कुणी नाही. तो विचाराने, वागण्याने निर्दोष जगला आणि बाप्तिस्म्याशिवाय मेला. त्याला दोषी ठरवणारा न्याय कुठला ? त्याचा दोष काय ? सातशे वर्षांपूर्वी इटलीतला एक बेघर माणूस आपल्या देशातल्या एका अनोळखी माणसासाठी अस्वस्थ झाला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान मिटून बसलो होतो.

गरुड आधी दटावतो, वीतभर दृष्टी असलेल्याने हजार मैलांवरचा न्याय करू नये. पण पुढे म्हणतो, ख्रिस्त ख्रिस्त ओरडणारे पुष्कळ जण शेवटच्या दिवशी त्याच्यापासून त्याला न ओळखणाऱ्यांपेक्षा दूर असतील. आणि मग आपल्या डोळ्यातले तेजस्वी आत्मे दाखवतो. त्यात दोघे ख्रिस्ती नसलेले : रोमन सम्राट त्राजान, आणि ट्रॉयचा रिफिअस. हा रिफिअस कोण, तर व्हर्जिलच्याच महाकाव्यात जेमतेम ओझरता येणारा एक सैनिक, त्याच्या न्यायीपणाबद्दल दोन शब्द लिहिलेला. पात्र स्वर्गात आणि लिहिणारा लिम्बोत. दान्तेला आश्चर्य वाटतं आणि गरुड सांगतो की कोण निवडलेला आहे हे देवाला पाहणाऱ्या आम्हालाही पूर्ण माहीत नाही.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 मध्ये, स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताला न ओळखणारे आणि सदसद्विवेकाप्रमाणे जगणारे लोकही तारण मिळवू शकतात असं स्पष्ट मांडलं. सिंधूकाठच्या माणसाला उत्तर मिळायला साडेसहा शतकं लागली.

सोमवारी वर्गात गेल्यावर मी त्या मुलाला बाजूला घेतलं आणि बुओनकोन्तेची गोष्ट सांगितली, एवढीच. कुणाच्या शेवटच्या क्षणी काय झालं ते शेजाऱ्याला कसं कळणार, असं तोच म्हणाला. मग म्हणाला, आजोबा शेवटच्या दिवशी आजीचा हात धरून खूप रडले होते.

रावेन्ना

दान्तेची अखेरची वर्षं रावेन्नात ग्विदो नोव्हेल्लोच्या आश्रयाला गेली. या ग्विदोची आत्या फ्रान्चेस्का. नवऱ्याने तिला दिरासोबत ठार मारलं होतं, आणि दान्तेने तिला वादळाच्या फेऱ्यात दाखवून तिची कहाणी ऐकताच स्वतः मूर्च्छा येऊन पडल्याचं लिहिलंय. त्याच घराण्याने त्याला घर दिलं. मुलगे जवळ आले. मुलगी तिथल्या मठात राहिली, तिने नाव घेतलं बिआट्रिस.

1321 च्या उन्हाळ्यात तो रावेन्नाचा वकील म्हणून व्हेनिसला गेला. परतीच्या दलदलीच्या वाटेवर ताप भरला, बहुधा मलेरिया. 13 आणि 14 सप्टेंबरच्या मधल्या रात्री तो वारला, छप्पन वर्षांचा. बोकाचो सांगतो की काव्याचे शेवटचे तेरा सर्ग कुणाला सापडत नव्हते, मग मुलगा याकोपोच्या स्वप्नात वडील आले आणि भिंतीतला कोनाडा दाखवून गेले. खरं खोटं देव जाणे.

आपल्या मुंबईतही दान्तेची एक खूण आहे. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे या काव्याची फार जुनी हस्तलिखित प्रत आहे, एलफिन्स्टनने भेट दिलेली. मुसोलिनीने ती विकत मागितली होती आणि सोसायटीने नकार दिला असं सांगतात.

फ्लॉरेन्सला मात्र पश्चात्ताप झाला. त्यांनी अस्थी परत मागितल्या. 1519 मध्ये पोपकडे केलेल्या अर्जावर मायकेलएंजेलोचीही सही होती. पोपने परवानगी दिली, माणसं रावेन्नाला पोचली, थडगं उघडलं तर आत जवळजवळ काहीच नाही. शेजारच्या मठातल्या साधूंनी भिंतीला भोक पाडून हाडं आधीच काढून नेली होती. ती पेटी 1865 मध्ये, त्याच्या सहाशेव्या जन्मवर्षी, एका गवंड्याच्या हाती लागली. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये 1829 पासून त्याची भव्य समाधी आहे, रिकामी. 2008 मध्ये तिथल्या नगरसभेने त्याची शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला.

रावेन्नातल्या लहानशा थडग्यापाशी एक दिवा सतत जळत असतो. त्याला लागणारं ऑलिव्हचं तेल दर सप्टेंबरात फ्लॉरेन्सची माणसं आणून देतात.